सायकिॲट्रिक सोशल वर्कर सोलापुरात कसा शोधला आणि विम्याचं काय झालं

अडचण: डॉक्टरांनी धाकट्या भावाला सायकिॲट्रिक सोशल वर्करकडे, म्हणजे मानसिक आजारात रुग्णाला आणि घरच्यांना समुपदेशन, मदत करणाऱ्या प्रशिक्षित समाजसेवकाकडे, जायला सांगितलं. सोलापुरात असा कुणी सापडेना, विमा चालेल का तेही कळेना. नकाशावर 'काउन्सेलर' टाकलं की परदेशी शिक्षणवाले निघतात. विम्याचा एजंट नुसतं 'होईल हो' म्हणायचा. डोकं उठलं होतं.

जमलं ते असं. आधी १४४१६ ला फोन केला, म्हणजे टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. मोफत आहे, मराठीत बोलतात. मग सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढून सोशल वर्करची भेट मागितली. खासगीत जाणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आधी विचारा.

आता विमा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) म्हणतं, मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा हवा. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देतात. नुसत्या समुपदेशनाचे पैसे ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा विमा) असेल तरच. म्हणून फोन नको, पॉलिसी नंबर टाकून विमा कंपनीला ईमेलच करा: "ओपीडी समुपदेशन धरता का? सोशल वर्करच्या सहीची पावती चालेल, की सायकिॲट्रिस्टची चिठ्ठीही लागेल?" आम्हाला लेखी उत्तर आलं: चिठ्ठी जोडा, चालेल. चिठ्ठीवर निदान, तारीख आणि किती सत्रं ते लिहून घ्या. पावतीवरचं नाव पॉलिसीतल्या नावाप्रमाणेच हवं.