समुद्रातून उगवणाऱ्या सूर्याचे छायाचित्र

कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. तो समुद्रातून उगवताना टिपायचा असेल, तर चेन्नईच्या मरीनासारखा पूर्वाभिमुख किनारा गाठावा. सूर्योदयाच्या किमान ३० मिनिटे आधी फेरी सुरू करावी, कारण आकाशातील सर्वांत सुंदर रंग, माझ्या मते, सूर्यबिंब दिसण्यापूर्वीच उमटतात. लाट ओसरल्यावर ओली वाळू काही क्षण आरशासारखी चकाकते. त्या वेळी कॅमेरा जमिनीलगत धरून, क्षितिज आडवे सरळ ठेवून प्रतिबिंब टिपावे. मोबाइलवर आकाशाच्या उजळ भागाला स्पर्श करून उजेड थोडा कमी केल्यास रंग फिके पडत नाहीत आणि किनाऱ्यावरील होड्या काळ्या आकृत्यांसारख्या उठून दिसतात. बिंब प्रखर झाल्यावर कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून त्याकडे मुळीच पाहू नये. घरी परतल्यावर भिंगावरील खारा थर मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावा.