लांब पल्ल्याची सायकलिंग : या चुका टाळा

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही जवळपास १२०० किलोमीटरची राईड दर चार वर्षांनी होते आणि जास्तीत जास्त ९० तासांत पुरी करावी लागते. असं काही डोळ्यांसमोर ठेवून सायकल काढणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. म्हणूनच त्यांनी दोन महिन्यांत गुडघा धरून बसू नये.

मोठी चूक म्हणजे फक्त किलोमीटर मोजणं. ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या राईडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. तेव्हा हिशेब तासांचा मांडा, थांबे धरून. ताशी २० च्या वेगाने २०० किलोमीटर १० तासांत होतात, म्हणजे साडेतीन तास हाताशी. पण समोरून वारा लागला, वेग १७ वर आला, की पावणेबारा तास चालवण्यातच जातात. त्यात पाच वेळा वीस-वीस मिनिटं थांबलात तर उरतात जेमतेम पाच मिनिटं! एक पंक्चर झालं की संपलं. वेग वाढवण्याच्या मागे लागण्याआधी थांबे आटोक्यात आणा. पाणी भरणं, खाणं आणि टायर बघणं एकाच थांब्यात उरका.

दुसरी चूक उडी मारण्याची. ५० जमले की थेट १५०! दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायूबंधांना महिने लागतात, आणि दुखणं तिथेच सुरू होतं. आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवा, दर चौथा आठवडा हलका ठेवा.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा तुम्ही जड गिअर रेटत असता. मागून दुखत असेल तर सीट वर असण्याची शक्यता जास्त. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. बदल करायचा तर एका वेळी चार-पाच मिलिमीटरच, मग दोन-तीन राईड करून बघा. दुखणं तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

खायला भूक लागायची वाट बघू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसत राहिल्यास रक्तातलं सोडियम घसरू शकतं, म्हणून मीठही हवंच. नवा पदार्थ सरावातच खाऊन बघा.

पंक्चर काढताना नवी ट्यूब घालायची घाई नको. आधी टायरच्या आतून बोट फिरवा, जपून. काटा तिथेच असला तर नवी ट्यूबही जाईल.

आणि २७ तास म्हणजे रात्र टळत नाही. ४०० ला नाव देण्याआधी एकदा तरी सोबत घेऊन रात्रभर चालवून बघा. दिव्याची बॅटरी किती तास टिकते आणि पहाटे तीनला तुमचे डोळे किती साथ देतात, हे त्याच रात्री कळतं.