आजोबांचं पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घेताना

दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा. बडोद्याच्या या भागांतल्या जुन्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आजोबांच्या आठवणींचं पुस्तक काढायला हवं." बहुतेकदा ते तिथेच राहतं. आजोबांना सांगता येतं, पण लिहायला बसणं आता जमत नाही. नातवंडांचं मराठी बोलण्यापुरतं, कारण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. अशा वेळी लिहिणारा माणूस रीतसर मानधन देऊन नेमावा, त्यात कमीपणा काही नाही.

आधी एक गोष्ट घरात ठरवून टाका, त्या माणसाचं नाव पुस्तकावर येणार की नाही. मराठीत ‘शब्दांकन : अमुक’ अशी ओळ आतल्या पानावर छापायची पद्धत जुनी आणि मानाची आहे. नाव अजिबात नको असेल तर तो घोस्ट रायटर. चांगले लेखक त्यासाठी जास्त पैसे मागतात आणि ते रास्तही आहे, कारण हे काम पुढच्या कामासाठी त्यांना दाखवता येत नाही. आठवणींच्या पुस्तकाला शब्दांकनाची ओळ द्यावी हे आमचं स्पष्ट मत. आजोबा 84 व्या वर्षी एकटाकी दोनशे पानं लिहितील यावर नातेवाईकांचाही विश्वास बसत नाही.

मग आकाराचा अंदाज घ्या. पुस्तकांच्या नेहमीच्या, म्हणजे डेमी आकाराच्या पानावर साधारण 250 शब्द बसतात, म्हणजे 200 पानांना 50,000 शब्द. वयस्क माणूस तासाभरात पाच-सहा हजार शब्द बोलतो. त्यातले निम्म्याहून जास्त पुनरुक्ती आणि फाटे म्हणून गळतात. तेव्हा 20 ते 25 तासांचं रेकॉर्डिंग हाताशी हवं. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात. आठवड्यात दोन बैठका धरल्या तर नुसत्या बोलण्यालाच दोन महिने लागतील आणि पुस्तक हाती यायला आठ-दहा. "दिवाळीला काढून देतो" असं कोणी ऑगस्टमध्ये म्हणत असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

माणूस शोधायला सयाजीराव विद्यापीठाचा मराठी विभाग, गावातल्या वाङ्मयीन संस्था, संस्थांच्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ संपादणारे लोक, गुजराती-मराठी अनुवादक अशा ठिकाणी विचारा. पुण्या-मुंबईचा लेखकही चालेल, फक्त पहिल्या तीन-चार बैठकांना त्याने घरी यायला हवं. निवड मात्र छापील पुस्तकं पाहून करू नका. त्यांवर संपादकाचा हात फिरलेला असतो.

नमुना लिहून घ्या. आजोबांचं अर्ध्या तासाचं एकच रेकॉर्डिंग दोघा-तिघांना द्या, प्रत्येकाला नमुन्याचे पैसे द्या आणि आठ दिवसांत हजार शब्द मागा. आलेला मजकूर आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. समजा ते म्हणाले होते, "जेवून हिंचक्यावर बसलो, पोळेतली पोरं ओट्यावर आली." एकाने लिहिलं, "भोजनोत्तर मी झोपाळ्यावर विसावलो असता गल्लीतील बालगोपाळ जमले." हा माणूस नको. त्याने हिंचका काढला, पोळ (इकडची गल्ली) काढली आणि बडोदंच पुसून टाकलं. दुसऱ्याने वाक्य जवळपास तसंच ठेवलं, पण समासात विचारलं, "कुठली पोळ? घर भाड्याचं होतं का?" याला नेमा. ज्याला प्रश्न पडत नाहीत तो पुढे रिकाम्या जागा विशेषणांनी भरतो.

बैठक सकाळच्या चहानंतर ठेवा, सव्वा ते दीड तास. थकलेला माणूस तेच तेच सांगतो. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून, घडी घातलेल्या पंचावर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. तो पंख्याच्या झोतात नको. हिंचक्याच्या कड्या रेकॉर्डिंगमध्ये भयंकर कुरकुरतात, आणि खुर्चीवर बसवलं तर आजोबांचं बोलणं आखडतं. कड्यांना आदल्या दिवशी तेल घाला. ‘सांगा, तुमचं बालपण कसं होतं’ हा प्रश्न वांझ आहे. फोटोंचा अल्बम, जुनी रेशनकार्डं, बदलीची पत्रं समोर ठेवून त्यांवर बोलतं करा. मध्येच आजी "अहो, ते तेव्हा नव्हतं" म्हणाल्या तर त्यांना गप्प करू नका. त्यांची वेगळी बैठक घ्या. फाइलला तारीख आणि बैठकीचा क्रमांक द्या आणि त्याच दिवशी दुसरी प्रत काढा.

आवाजावरून आपोआप टाइप करणारी सॉफ्टवेअरं वेळ वाचवतात. पण मराठी-गुजराती मिसळ आली की गडबडतात आणि पोळेतली माणसं पोळीत जातात. तो मजकूर रेकॉर्डिंग ऐकत तपासलाच पाहिजे. घरातली भांडणं, कोर्टकज्जे असतील तर त्या फाइली कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवायच्या की नाही हे आधीच ठरवा.

तारखा तपासणं हे कोणाचं काम हे सुरुवातीलाच ठरवा. इथे हमखास गोंधळ होतो. "1941 साली सयाजीराव महाराजांनी वडिलांना नोकरी दिली" हे आजोबा खात्रीने सांगतील. सयाजीराव 6 फेब्रुवारी 1939 रोजी वारले. 1941 मध्ये गादीवर प्रतापसिंहराव होते. घरात दोघांनाही नुसतं ‘महाराज’ म्हणत, म्हणून हे होतं. बडोदा संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि गुजरात राज्य 1 मे 1960 चं. या खुंट्या भिंतीवर लावून ठेवल्या की निम्म्या चुका तिथेच सापडतात. बाकीच्यासाठी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक-दोन दिवस घालवायला लेखकाला सांगा आणि त्या दिवसांचे पैसे वेगळे धरा.

मानधन शब्दांवर नको, टप्प्यांवर ठरवा. शब्दांवर दिलं की मजकूर फुगतो. करारावेळी 20 टक्के, पहिली दोन प्रकरणं मान्य झाल्यावर 20, निम्मा खर्डा आल्यावर 25, पूर्ण खर्ड्यावर 25, शेवटची दुरुस्ती झाल्यावर 10. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, आणि प्रत्येक फेरीत घरच्यांचे शेरे एकाच माणसामार्फत जावेत. काका, आत्या आणि जावई वेगवेगळ्या फोनवरून सूचना देऊ लागले की लेखक पळतो.

करार कागदावर हवाच. कॉपीराइट कायदा 1957 नुसार पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो. तो तुमच्याकडे नोकरीला नसेल, तर पैसे दिले म्हणून हक्क तुमच्याकडे येत नाही, लेखी आणि सहीचं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे अमेरिकेतल्या नातवाला तिथे आवृत्ती काढायची झाली की अडचण. आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर हस्तांतरण रद्द होतं, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आठवणींची पुस्तकं वर्षभर सहज रखडतात, तेव्हा ते कलम वगळल्याचं स्पष्ट लिहा. ‘लेखक मीच’ असं सांगण्याचा हक्क कायद्याच्या कलम 57 खाली हस्तांतरणानंतरही लिहिणाऱ्याकडे उरतो, म्हणून नाव गुप्त ठेवायचं असेल तर गुप्ततेचं कलम वकिलाकडून लिहून घ्या. मध्येच काम थांबलं किंवा आजोबाच राहिले नाहीत तर काय, तेही लिहा. संकोच वाटतो, पण लिहा.

शेवटचा हप्ता देण्याआधी सगळी रेकॉर्डिंगं, उतरवलेला कच्चा मजकूर, परत केलेले मूळ फोटो आणि युनिकोडमधली वर्ड फाइल ताब्यात घ्या. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली फाइल घेऊ नका. बदलताना ‘ऱ्या’ तुटतो आणि रेफ भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘गोऱ्या’ असे शब्द शोधून प्रत्येक प्रकरणात पाहा, मगच चेक फाडा.