सफरचंदाचा केक मधोमध ओला का राहतो? शरदातल्या बेकिंगमध्ये या चुका टाळा

कोजागिरीला गच्चीवर न्यायला मी पहिल्यांदा दालचिनी-सफरचंदाचा केक केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. कृती तंतोतंत पाळली होती. वरून केक सुरेख बदामी झाला, घरभर दालचिनीचा वास. कापायला घेतला आणि सुरी मधोमध रुतली. कडा शिजलेल्या, मधला भाग लगदा. मुलांनी तो वाट्यांत घेऊन मसाला दुधाबरोबर चमच्याने खाल्ला. दोन दिवसांनी त्याच मापाने पुन्हा केला, तरी तेच.

कृतीत चूक नव्हती. ती थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी आणि आंबट, टणक सफरचंदासाठी लिहिलेली होती. माझ्या ओट्यावर ऑक्टोबर हीटचे 32 अंश आणि हातात डेलिशियस जातीचं गोड, मऊ पडणारं सफरचंद. आपल्याकडे सफरचंदाचं बेकिंग फसतं ते बहुतेक वेळा याच दोन कारणांनी. म्हणून ओव्हनला दोष देण्याआधी फळाकडे बघा.

सफरचंद खायचं वेगळं, भाजायचं वेगळं

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत बाजारात हिमाचल आणि काश्मीरचा माल असतो आणि त्यात रॉयल, रेड डेलिशियस अशा गोड जातीच जास्त. याला इतिहास आहे. कुल्लूत इंग्रजांनी आधी लावलेली सफरचंदं आंबट होती. अमेरिकेतून येऊन इथलेच झालेले सॅम्युअल स्टोक्स, पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी 1916 च्या सुमारास शिमल्यापलीकडच्या कोटगढ भागात रेड डेलिशियस लावलं. आपल्या लोकांना गोड फळ आवडलं आणि डोंगरच्या डोंगर त्याच जातीचे झाले. खायला ते उत्तमच आहे. पण त्यात आंबटपणा कमी आणि ओव्हनमध्ये त्याच्या फोडी लवकर मऊ पडतात, पाणी सोडतात. पाश्चात्त्य कृतींत बहुधा हिरवं ग्रॅनी स्मिथ गृहीत धरलेलं असतं. ते आंबट असतं आणि भाजल्यावरही फोड टिकते.

दोन लाल आणि एक हिरवं, असं मिश्रण मला सगळ्यात आवडतं. हिरवं महाग पडतं किंवा मिळत नाही तेव्हा दोन मध्यम लाल सफरचंदांच्या फोडींना एक टेबलस्पून लिंबाचा रस चोळा. चव उठते हा एक फायदा. दुसरा फायदा असा, की आंबटपणामुळे फळातलं पेक्टिन, म्हणजे फोड घट्ट धरून ठेवणारं द्रव्य, लवकर विरघळत नाही आणि फोड जरा जास्त वेळ धरून राहते. साखरही कृतीतल्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी घाला. निम्मी करू नका. साखर केकला मऊपणाही देते, फार कमी केली तर केक कोरडा आणि पावासारखा होतो.

फळ निवडताना टिचकी मारून बघा. करकरीत फळाचा आवाज स्वच्छ येतो, पिठूळ झालेल्याचा बोदा. फळ हाताला जड लागलं पाहिजे. टोपलीत बाहेर ठेवलेलं डेलिशियस या उकाड्यात आठवड्याभरात पिठूळ होऊ लागतं, म्हणून आणल्या दिवशीच फ्रिजमध्ये, आणि केळ्यांपासून लांब.

साल काढाच. पौष्टिक म्हणून ठेवायचा मोह होतो, पण डेलिशियसची साल जाड असते. केकमध्ये ती सुटून येते आणि दाताखाली चिवट लागते.

पाणी काढल्याशिवाय फोडी घालणे

सगळ्यात मोठी चूक ही. सफरचंदात वजनाच्या साधारण 85 टक्के पाणी असतं. 200 ग्रॅम फोडी घातल्या म्हणजे पाऊणशे मिली तरी पाणी ओव्हनमध्ये केकच्या पोटात सुटू शकतं, आणि ते मधोमध साठतं, कारण कडा आधी शिजून घट्ट झालेल्या असतात.

मी काय करते ते सांगते. साल काढून एक सेंटीमीटरच्या फोडी करते, कैरीच्या लोणच्याला करतो त्याहून बऱ्याच बारीक. त्यांना लिंबू आणि कृतीतल्याच साखरेतली दोन टेबलस्पून साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवते, खाली वाडगा. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. मग फोडी चकाकू लागतात, थेंब पडायला लागतात आणि अर्ध्या तासात वाडग्यात तीन-चार टेबलस्पून फिकट पिवळा रस जमतो. एवढं पाणी केकमध्ये जाणार होतं! तो रस टाकून देऊ नका. छोट्या कढल्यात मंद आचेवर मधासारखा दाट होईपर्यंत आटवा. जेमतेम एक टेबलस्पून उरतो, सफरचंदाचा सगळा वास त्यात असतो. तो परत मिश्रणात घाला.

किसून घालणार असाल तर कीस मुठीत घट्ट पिळा आणि रस पिऊन टाका. कीस केकमध्ये विरून जातो, फोडी दाताखाली येतात. मला फोडीच हव्या असतात.

चिरलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून मिठाच्या पाण्यात घालायची अनेकांना सवय आहे. डब्यात द्यायच्या फोडींना ते ठीक. बेकिंगसाठी नको, जे पाणी काढायची आपण धडपड करतोय तेच फोडी पुन्हा पितात. दालचिनीच्या तपकिरी केकमध्ये काळ्या पडलेल्या फोडी कोणाला दिसणारही नाहीत.

आणि प्रमाण. 150 ग्रॅम मैद्याला सोललेलं, चिरलेलं सफरचंद 200 ग्रॅम, याच्या वर जाऊ नका. सात इंची भांड्यासाठी माझं माप असं: मैदा 150 ग्रॅम, लोणी 100, साखर 110, दोन अंडी, दोन टेबलस्पून दही, एक टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा. फोडी खाली बसत असतील तर त्या मोठ्या तरी आहेत, नाहीतर ओल्या. कोरड्या करून चमचाभर मैद्यात घोळवा आणि अगदी शेवटी मिश्रणात घाला.

लोणी वितळतंय आणि लक्षात येत नाही

कृतीत लिहिलेलं असतं, 'लोणी खोलीच्या तापमानाला आणा.' ज्या खोलीत ते लिहिलं गेलं तिथे 20 अंश असतात. साखरेबरोबर फेटताना लोण्यात हवा अडकते ती साधारण 18 ते 20 अंशांना. पुण्यात आश्विनातल्या दुपारी बाहेर ठेवलेलं लोणी चकाकतं, बोट घातलं तर तेलकट लागतं. त्यात हवा राहत नाही. अंडं घातलं की मिश्रण फाटतं आणि केक दडस होतो.

फ्रिजमधून काढून तुकडे करा, दहा मिनिटं थांबा, फेटायला लागा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा पण बोट तेलकट होऊ नये. फेटता फेटता सैल पडलं तर भांडंच दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. किंवा सकाळी सातच्या आत करा, तेव्हा ओटा गार असतो. आणि खरं सांगू का, ऑक्टोबरमध्ये मी सरळ तेलाचा केक करते. 100 ग्रॅम लोण्याऐवजी 80 मिली बिनवासाचं तेल. फेटून हवा भरायची गरज नाही आणि दुसऱ्या दिवशी केक जास्त मऊ लागतो.

क्रम्बलमध्ये, म्हणजे फळांवर मैदा-लोण्याचा भुरभुरीत थर देऊन भाजतात त्यात, हीच गोष्ट फार जपावी लागते. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो आणि मूठ वळली की खूश होतो. इथे उलटं. लोणी बर्फासारखं गार हवं आणि मूठ वळायच्या आधीच थांबायचं. जाड रव्यासारखं, मधेमधे वाटाण्याएवढे गोळे राहिलेलं मिश्रण हवं. हाताच्या उबेने लोणी पाघळलं तर वरचा थर भाजल्यावर एकसंध, कडक पापुद्रा होतो. 100 ग्रॅम मैद्यात 60 ग्रॅम लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, 50 ग्रॅम साखर मिसळा आणि भांडं पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. मग फळांवर भुरभुरवून लगेच ओव्हनमध्ये. दाबू नका.

बाजारातलं साधं टेबल बटर खारं असतं, ते वापरलं तर वेगळं मीठ नको. तूप वापरायचं असेल तर 100 ग्रॅम लोण्याला 80 ग्रॅमच घ्या, कारण लोण्यात पाणीही असतं आणि तुपात नसतं. ती कसर एक टेबलस्पून दुधाने भरून काढा.

मसाला जुना, जास्त किंवा चुकीच्या भांड्यात दळलेला

दालचिनीची तयार पूड वर्षभर बरणीत असेल तर तिला लाकडाच्या भुशाचा वास येतो. मग चव लागत नाही म्हणून आपण जास्त घालतो आणि केक तुरट होतो. बाजारात जाड सालीची मिळते ती बहुतेक कॅशिया, तिखट, झणझणीत. पातळ, एकात एक गुंडाळलेल्या पापुद्र्यांची ती सिलोनची, गोडसर. कोकणातही दालचिनी होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात आहे. ओळखीच्या कोणाच्या वाडीतली साल मिळाली तर सोडू नका.

साल जरा ऊन दाखवून किंवा कोमट तव्यावर मिनिटभर ठेवून, चमचाभर साखरेसह दळा आणि बारीक चाळणीने चाळा. साखरेमुळे बारीक दळली जाते. तव्यावर लाल होऊ देऊ नका, वास तिथेच उडून जातो. आणि मिक्सरचं भांडं! त्यात गोडा मसाला किंवा लसणाची चटणी झाली असेल तर घासूनही झाकणाच्या रबरात वास राहतो. दालचिनीला मी छोटं भांडं वेगळंच ठेवलं आहे.

150 ग्रॅम मैद्याला दीड टीस्पून दालचिनी, अर्धा टीस्पून सुंठ, दोन लवंगांची पूड आणि जायफळ किसणीवर चार-पाच वेळा फिरवलेलं, एवढं पुरे. लवंग तिसरी घातली की दंतमंजनाची आठवण होते. पुरणाला घालतो त्या सवयीने जायफळ घालू नका, इथे ते मागे राहिलं पाहिजे. मसाला मैद्यात कोरडा मिसळण्याऐवजी तेलात किंवा लोण्यात फेटा. वासाची द्रव्यं स्निग्धात उतरतात, फरक पहिल्या घासाला कळतो.

यीस्टचे दालचिनी रोल करणार असाल तर दालचिनी पिठात मळू नका. तिच्यातल्या द्रव्याने यीस्ट मंदावतं, पीठ फुगत नाही. लाटलेल्या पोळीवर लोणी लावून वरून पसरा.

ओव्हनची गडबड

ओटीजीचा, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचा, काटा 180 दाखवतो म्हणून आत 180 असतातच असं नाही. वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हन थर्मामीटर फार महाग नसतो, एकदा घ्या. लहान ओटीजीत वरचा रॉड केकच्या डोक्यावरच असतो, म्हणून वरून लवकर रंग येतो आणि आपण फसतो. रॅक खालच्या खाचेत घ्या, म्हणजे केक मध्यावर येईल. फळाच्या ओलसर केकला 170 अंश आणि 50 ते 55 मिनिटं. अर्ध्या तासानंतर वर फॉइल झाका. मफिनना 190 ला वीस-बावीस मिनिटं. कृतीत 350 लिहिलं असेल तर ते फॅरेनहाइट, आपले 177.

टूथपिक सफरचंदाच्या फोडीतून गेली तर केक शिजूनही ती ओली येते, आणि दोन फोडींच्या मधून गेली तर कोरडी. तीन ठिकाणी टोचून बघा आणि मध्यावर बोटाने हलकेच दाबा, खळगा परत वर आला पाहिजे.

मैदा घातल्यावर फार ढवळू नका, मफिन चिवट होतात. कपाचं माप 240 मिलीचं, चहाचा कप नव्हे. दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक मिसळल्याबरोबर ओव्हनमध्ये गेला पाहिजे. सोड्याचे बुडबुडे वाट बघत नाहीत. मैद्याऐवजी कणीक घालायची तर निम्म्या मैद्याच्या जागीच, दोन चमचे दूध वाढवून.

गरम असताना कापणे, गरम असताना झाकणे

भांड्यात पंधरा मिनिटं, मग जाळीवर. भांड्यातच राहिला तर वाफेने बूड ओलं होतं. दोन तासांनी कापा. कोमट केक डब्यात भरला तर झाकणाला पाणी सुटतं, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. फळाचा केक बाहेर एकच दिवस, नंतर फ्रिजमध्ये. खायच्या आधी वडी जरा गरम करा.

फसला तर

केक अजून गरम आहे आणि मधला भाग कच्चा आहे, असं असेल तर फॉइल झाकून 150 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं परत ठेवा. गार झाल्यावर कळलं तर तो पुन्हा फुगणार नाही, पण शिजवता येतो. बोटभर जाडीच्या कापा करा, तव्यावर तूप सोडा आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी लालसर भाजा. कापेला हात लावू नका, तिची कड आपण होऊन सुटेपर्यंत थांबा, नाहीतर तुकडे होतील. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या केकचं मी हेच केलं. कडेची साखर कुरकुरीत झाली, आतल्या फोडी मऊ, आणि ज्यांनी आदल्या रात्री चमचे मागितले होते ती मुलं तव्याभोवती उभी होती.