टीव्हीमागचा मिनी पीसी निवडताना

टीव्हीला जोडायला छोटा संगणक घेताना बहुतेकजण रॅम आणि गिगाहर्ट्‌झ बघतात. सिनेमे बघायला त्यांचा फारसा उपयोग नाही. आधी बघा, एचईव्हीसी १०-बिट आणि एव्ही१ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींचं हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे असे व्हिडिओ उलगडणारा खास भाग, चिपमध्ये आहे का. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंगावतो आणि फोर-के चित्र अडखळतं. इंटेल एन१०० या चिपमध्ये दोन्ही आहेत, आणि तिचा टीडीपी (चिप किती उष्णता टाकते याचा ठरवलेला आकडा) फक्त ६ वॉट. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक मात्र एचईव्हीसी हार्डवेअरवर चालवतो, एव्ही१ नाही.

पोर्टही तपासा: एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्‌झपुरतंच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, मिळतं, ६० साठी किमान २.० हवं.

आवाज नकोच असेल तर बिनपंख्याचं मॉडेल घ्या, पण ते बंद कपाटात कोंबू नका. त्याची पेटीच उष्णता बाहेर टाकते. फिरती हार्डडिस्कही कुरकुरते, म्हणून आत एसएसडी बरी.

विजेचा हिशेब सोपा आहे. सरासरी १० वॉट खाणारं यंत्र वर्षभर अखंड चालू ठेवलं तर साधारण ८८ युनिट जळतात, ६० वॉटवाल्या जुन्या डेस्कटॉपला सव्वापाचशे लागतात. त्यामुळे ‘जुना पडूनच आहे, तोच वापरू’ हा विचार वाटतो तितका फुकटचा नाही.