पोस्टग्रेसच्या ग्लोबल सेटिंग्ज कमांड लाइनवरून कशा बदलाव्यात

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या सर्व्हरच्या ज्या सेटिंग्ज सगळ्या डेटाबेसना आणि वापरकर्त्यांना लागू होतात, त्या बदलण्यासाठी मुख्य कॉन्फिगरेशन फाइल दर वेळी उघडावी लागत नाही, 9.4 या आवृत्तीपासून ‘ऑल्टर सिस्टिम’ ही कमांड आली असून पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइन साधनातूनच हे काम करता येते. मात्र सेटिंग लिहिली गेली म्हणजे ती लागू झाली असे नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

प्रथम सुपरयूजर (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन करून ‘शो वर्क_मेम’ अशा कमांडने सध्याचे मूल्य पाहावे; ‘वर्क_मेम’ ही क्वेरी चालवताना वापरायच्या मेमरीची मर्यादा आहे. त्यानंतर ‘पीजी_सेटिंग्ज’ या व्ह्यूमधील (टेबलसारखी वाचता येणारी यादी) त्याच सेटिंगची ओळ काढावी. तिथला ‘सोर्स’ हा स्तंभ मूल्य कुठून आले ते सांगतो. ‘कॉन्टेक्स्ट’ या स्तंभात ‘पोस्टमास्टर’ असेल, तर सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. ‘मॅक्स_कनेक्शन्स’ आणि ‘शेअर्ड_बफर्स’ या त्याच प्रकारच्या सेटिंग्ज आहेत. ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये ‘सिगहप’ किंवा ‘यूजर’ असेल, तर कॉन्फिगरेशन रीलोड करणे, म्हणजे सर्व्हर न थांबवता ते पुन्हा वाचायला लावणे, पुरते.

नवे मूल्य ठरवताना घाई करू नये. ‘वर्क_मेम’चे मूळ मूल्य 4 एमबी असते, आणि ही मर्यादा प्रत्येक कनेक्शनसाठी नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट (क्रम लावणे) किंवा हॅश (जुळणी वा गटवारीसाठी मेमरीत तक्ता बनवणे) क्रियेसाठी असते. ती 64 एमबी केली आणि 100 कनेक्शन्सनी एकाच वेळी प्रत्येकी एकच सॉर्ट चालवला, तरी सुमारे 6.25 जीबी मेमरी लागू शकते; गुंतागुंतीच्या क्वेरींमध्ये हा आकडा कितीतरी पट वाढतो. त्यामुळे गरज फक्त अहवाल काढणाऱ्या एखाद्या वापरकर्त्याची असेल, तर ‘ऑल्टर रोल’ने त्याच्यापुरतीच मर्यादा वाढवणे अधिक शहाणपणाचे आहे.

ग्लोबल बदलच हवा असेल, तर ‘ऑल्टर सिस्टिम सेट वर्क_मेम’ असे लिहून बरोबरच्या चिन्हापुढे एकेरी अवतरणात 16 एमबी हे मूल्य एककासह द्यावे, कारण एकक नसलेला आकडा इथे किलोबाइट मानला जातो. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कमांडच्या गटाच्या) आत चालत नाही. बदल डेटा डिरेक्टरीतील ‘पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ’ या फाइलमध्ये जातो आणि ही फाइल मुख्य फाइलनंतर वाचली जात असल्याने तिच्यातील मूल्य वरचढ ठरते. म्हणूनच पुढे कोणी मुख्य फाइलमध्ये तीच सेटिंग बदलली, तर काहीच परिणाम दिसत नाही. सहकाऱ्यांना याची नोंद अवश्य द्यावी.

आता ‘सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ()’ चालवावे, नव्या सेशनमध्ये ‘शो’ने मूल्य तपासावे आणि ‘पीजी_सेटिंग्ज’मधील सर्व्हर पुन्हा सुरू करणे बाकी आहे का ते सांगणारा ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ हा स्तंभही पाहावा. मूल्य जुनेच दिसत असेल, तर त्या डेटाबेससाठी किंवा वापरकर्त्यासाठी वेगळी सेटिंग केलेली आहे का, ते शोधावे.

बदल मागे घेण्यासाठी ‘ऑल्टर सिस्टिम रीसेट वर्क_मेम’ वापरून पुन्हा रीलोड करावे. ‘रीसेट ऑल’ने ऑटो फाइलमधील सर्वच नोंदी जातात, म्हणून आधी तिची प्रत काढून ठेवावी. चुकीच्या मूल्यामुळे सर्व्हर सुरूच होत नसेल, तर कमांडही चालणार नाही. अशा वेळी मात्र ऑटो फाइलमधील दोषी ओळ हाताने काढून सर्व्हर सुरू करावा.