क्लिनिकसाठी ऑनलाइन रेकॉर्ड सॉफ्टवेअर घेताय? या चुका टाळा

छोट्या क्लिनिकमध्ये सॉफ्टवेअर ठरतं ते बहुतेक वेळा डेमो बघून. डेमोत माउस कंपनीच्या माणसाच्या हातात असतो आणि पेशंटही त्यानेच आधी भरून ठेवलेला असतो. त्यावर विसंबू नका. ट्रायल अकाउंट मागून घ्या आणि स्वतः एक खोटा पेशंट तयार करा: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, मधुमेह, तीन व्हिजिट, प्रत्येक वेळचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी). मग त्याला पेनिसिलिनच्याच गटातलं अमॉक्सिसिलिन लिहून बघा. इशारा आलाच पाहिजे. नाही आला तर बहुधा अ‍ॅलर्जी नुसती मजकूर म्हणून साठली आहे, सॉफ्टवेअर ती औषधाशी ताडून बघत नाही. उठसूट प्रत्येक गोळीला इशारा देणारंही नको. डॉक्टर न वाचताच 'ओके' दाबू लागतात आणि खरा धोका त्यात निसटतो.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे बाहेर पडायचा रस्ता न बघता आत शिरणं. कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, दर वाढवतात. 'डेटा तुमचाच' असं सगळेच सांगतात, पण तो हातात कसा येतो ते बघा. त्याच खोट्या पेशंटचा डेटा एक्सपोर्ट करा. नुसती पीडीएफ मिळाली तर वाचता येईल, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये एचबीएवनसीचा आलेख निघणार नाही; आकडे कुणाला तरी हाताने पुन्हा भरत बसावं लागेल. सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी तक्त्याची फाइल, बरी; 'फायर' (FHIR) त्याहून चांगलं. आरोग्य-डेटाची मानकं ठरवणाऱ्या एचएल७ संस्थेच्या या मानकात अ‍ॅलर्जी, औषध, तपासणीचा निकाल अशा सुट्या नोंदी असतात. स्कॅन केलेले रिपोर्ट सोबत येतात का, हे वेगळं विचारा. कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत, हे सगळं करारात लिहून घ्या.

फुकट सॉफ्टवेअरचा खर्च कोण उचलतं, हेही विचाराच. अमेरिकेतलं प्रॅक्टिस फ्यूजन जाहिरातींच्या जोरावर डॉक्टरांना फुकट मिळायचं. २०१८ मध्ये ते ऑलस्क्रिप्ट्सने विकत घेतलं आणि त्याच वर्षी फुकट वापर संपला. पुढे २०२० मध्ये प्रॅक्टिस फ्यूजनने १४.५ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावू शकणारी तीव्र वेदनाशामकं, बनवणाऱ्या कंपनीकडून पैसे घेऊन तिच्या सोयीचे इशारे डॉक्टरांच्या स्क्रीनवर आणल्याचं ते प्रकरण होतं. मला हे फार गंभीर वाटतं, कारण तो इशारा डॉक्टर निःपक्ष समजून वाचतो.

रिसेप्शन आणि डॉक्टर एकच लॉगिन वापरत असतील तर ते आजच थांबवा. नाहीतर डोस कुणी बदलला, हे लॉगवरून (कुणी कधी काय बदललं याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदीवरून) कधीच कळणार नाही.

सॉफ्टवेअर घेतल्यावरच्या तक्रारींपैकी 'फार स्लो चालतं' ही नेहमीची. तेच पान मोबाइल डेटावर उघडा. तिथे झटकन उघडलं तर दोष बहुधा क्लिनिकच्या वायफायचा किंवा नेटच्या लाइनचा. एकाच पेशंटच्या दोन फाइली होत असतील, तर नावाबरोबर जन्मतारीखही बघून मगच नवी नोंद करायची सवय रिसेप्शनला लावा. नुसत्या फोन नंबरवर जाऊ नका, एका नंबरावर अख्खं घर असतं. आणि नेट गेलं तर? दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटची यादी, चालू औषधं आणि अ‍ॅलर्जीसकट, आदल्या संध्याकाळी छापून कुलपात ठेवा. नेट आल्यावर कागदावरच्या नोंदी कोण चढवणार, तेही आधीच ठरवून टाका.